पतंग किती जागा खातो

आमच्या गेमसाठी एक फॉर्म भरायचा होता, त्यात एक प्रश्न होता, गेममध्ये स्क्रीनवर जे दिसतं त्यातलं किती टक्के आर्टवर्क तुम्ही स्वतः बनवलंय. बाकीचा फॉर्म मी अर्ध्या तासात भरला आणि या एका रकान्यापाशी जी अडकले ती जवळजवळ तीन आठवडे.

आधी गेमबद्दल सांगते. आम्ही दोघं, चित्रं माझी आणि कोड माझ्या कॉलेजच्या मित्राचा, नोकऱ्या सांभाळून रात्री आणि शनिवार-रविवारी एक मोबाइल गेम बनवतोय, गिरगावातल्या चाळीची गच्ची आणि संक्रांतीचे पतंग. सुरुवातीला हाताशी काहीच नव्हतं म्हणून एक विकतचा असेट पॅक घेतला, आकाश, ढग, लांबच्या बिल्डिंगा, पाण्याच्या टाक्या, बटणं सगळं त्यातलं, आणि मग मी एकेक गोष्ट बदलत गेले. चाळ माझी, तिची लाकडी गॅलरी आणि कठडे माझे, दोरीवरचे कपडे माझे, पोरं माझी, फिरकी धरून उभी असलेली आजी माझी, आणि पतंग तर एकूण एक माझे. आकाश आणि लांबच्या बिल्डिंगा अजून पॅकच्याच आहेत. मला मनापासून वाटत होतं की आता हा गेम बहुतेक माझाच दिसतो. पण फॉर्मला वाटणं चालत नाही, आकडा लागतो.

मित्र म्हणाला, अगं सोप्पंय, तुझ्या प्रत्येक स्प्राइटची, म्हणजे गेममधल्या प्रत्येक सुट्या चित्राची, रुंदी गुणिले उंची, सगळ्याची बेरीज, भागिले १९२० गुणिले १०८०. म्हणजे स्क्रीनचे एकूण २०,७३,६०० पिक्सेल. केलं. उत्तर आलं ३४० टक्के.

मला आधी वाटलं स्क्रिप्ट चुकली. मग एकेक स्प्राइट काढून बघितला तर सगळ्यात मोठा दोषी निघाला मांजा. आमच्या एका सीनमध्ये खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोराच्या हातातून मांजा निघतो आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या पतंगापर्यंत जातो. म्हणजे त्याची चौकट अख्खी स्क्रीन, पूर्ण १०० टक्के! आणि प्रत्यक्षात तो २ पिक्सेल जाडीची तिरकी रेघ. कर्णाची लांबी साधारण २२०३ पिक्सेल, दोनाने गुणलं की ४४०० च्या आसपास, स्क्रीनच्या ०.२१ टक्के. एकाच वस्तूचं एक उत्तर १०० आणि दुसरं पाव टक्क्याहूनही कमी, आणि दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर. असे चार मांजे एका सीनमध्ये असतील तर ३४० काय, ५०० सुद्धा झाले असते.

त्या रात्री जेवताना हे बाबांना सांगितलं. माझे बाबा बॅनर पेंटर होते, परळला एका स्टुडिओत सिनेमाची होर्डिंग आणि कटआउट रंगवायचे, फ्लेक्स प्रिंटिंग येईपर्यंत. ते काम बंद पडल्याचं ते फार बोलत नाहीत, पण एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगच रंगवायचे हे घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो, मला तो आवाज फार आवडतो. तर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू बिल कशाचं लावतेयस, फळीचं की रंगाचं?"

मग त्यांनी ताटात बोटाने काढून दाखवलं. समजा हिरोचा कटआउट २० फूट उंच आणि ८ फूट रुंद, हात वर केलेला. प्लायची फळी ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ स्क्वेअर फूट, अशा पाच फळ्या लागणार, १६० स्क्वेअर फूट. सुतार त्या पाचही फळ्यांचे पैसे घेणार, हिरो सडपातळ आहे म्हणून तो कमी घेत नाही. पण रंग लागतो तो फक्त अंगाला. वर केलेल्या हाताच्या बाजूचा कोपरा कापूनच टाकायचाय, त्याला प्राइमरसुद्धा लावायचा नाही. आणि हिरो उभा केल्यावर त्याच्या कमरेपर्यंत सिनेमाच्या नावाची अक्षरं आली तर रस्त्यावरच्या माणसाला दिसतो तो आणखी तिसराच आकडा. "तीन माणसं तीन प्रकारे मोजणार, तुला विचारणारा त्यातला कोण ते आधी बघ," असं म्हणाले आणि ताक प्यायले.

मी हे लिहितेय ते याच्यासाठी. कारण त्यानंतर मी जेवढं म्हणून शोधलं, वाचलं, करून बघितलं, ते सगळं या तीन आकड्यांत बरोब्बर बसलं.

रंगाचा आकडा आधी घेते, कारण तो मला सगळ्यात सोपा वाटला होता आणि तिथेच सगळ्यात जास्त दिवस गेले. चित्राच्या पीएनजी फाइलमध्ये प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा याशिवाय चौथा आकडा असतो, अल्फा, ० म्हणजे पूर्ण पारदर्शक आणि २५५ म्हणजे पूर्ण भरलेला. मी वर्षानुवर्षं अल्फाला पारदर्शकता समजत होते, म्हणजे काचेसारखं काहीतरी. पण मुळात तो एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी आणला आणि १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी एकावर एक चित्रं ठेवायचं जे गणित मांडलं त्यात अल्फाचा अर्थ चक्क हा आहे की या पिक्सेलच्या चौकोनाचा किती भाग वस्तूने व्यापलाय. म्हणजे मी जे शोधत होते ते प्रत्येक पिक्सेलमध्ये आधीच लिहून ठेवलेलं होतं! हे वाचलं तेव्हा मी ऑफिसला निघालेल्या लोकलमध्ये होते आणि मला खरोखर उठून कुणाला तरी सांगावंसं वाटलं.

आता मोजायचं कसं. मी चाचणीसाठी साधा पतंग घेतला, चौकोन ४५ अंशात फिरवलेला, चारही टोकं चौकटीला टेकलेली. याचं उत्तर शाळेतलं पोरगंही सांगेल, बरोब्बर अर्धं, ५० टक्के. (कॅरमची सोंगटी असती तर गोल म्हणून ७८.५ टक्के.) उत्तर आधीच माहीत असलेली वस्तू मोजून बघणं ही सवय मला याच कामात लागली आणि तिनेच मला पुढे वाचवलं. तर ३२ बाय ३२ चा छोटा पतंग, चौकटीत १०२४ पिक्सेल. पूर्ण भरलेले पिक्सेल निघाले ४८०, आणि चार तिरक्या कडांवर अर्धे भरलेले ६४. ज्याचा अल्फा शून्याहून जास्त तो माझा, असं धरलं तर ५४४, म्हणजे ५३.१ टक्के. फक्त पूर्ण भरलेले धरले तर ४६.९ टक्के. आणि सगळ्या अल्फांची बेरीज करून २५५ ने भागलं की जवळजवळ ५१२, म्हणजे ५० टक्के.

यात शाळेतलं आलेखाच्या कागदावर क्षेत्रफळ काढायचं आठवलं की नाही? अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला चौकोन पूर्ण धरा, कमी भरलेला सोडून द्या, बरोबर अर्धा असेल तर अर्धा. बरेच लोक प्रोग्रॅममध्ये हेच करतात, १२८ किंवा त्याहून जास्त असेल तर मोजा, नाहीतर सोडा. पण माझ्या पतंगाच्या कडेचे ६४ च्या ६४ पिक्सेल बरोबर अर्धे, आणि २५५ चा अर्धा १२७.५, जो फाइलमध्ये लिहिताच येत नाही. एका सॉफ्टवेअरने १२७ लिहिलं तर सगळे गेले, दुसऱ्याने १२८ लिहिलं तर सगळे आले. तोच पतंग, ४६.९ किंवा ५३.१, मधलं काही नाही. शाळेतल्या बाईंनी तो "बरोबर अर्धा" चा नियम वेगळा का सांगितला होता ते मला आत्ता कळलं.

पतंग मोठा असला की हा फरक मरतो. २५६ बाय २५६ ला हेच आकडे ५०.४ आणि ४९.६ होतात, कारण कड लांबीने वाढते आणि पोट क्षेत्रफळाने वाढतं. पण आमच्या आकाशात लांबचे पतंग अगदी बारके असतात आणि ते चाळीस-चाळीस असतात.

बाबांच्या कामात पण चौकोन होतेच. छोट्या फोटोवर खाने पाडायचे, बोर्डावर तेवढेच मोठे खाने पाडायचे आणि एकेक खाना उतरवायचा. आणि चौकोन किती मोठा घेता यावर मोजणी किती बदलते याचं मला माहीत असलेलं उत्तम उदाहरण फेसबुकच्या जाहिरातींचं आहे. मी आधीच्या नोकरीत त्या करायचे, तेव्हा चित्रावर मजकूर २० टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम होता आणि तो तपासायला चित्रावर ५ बाय ५ ची जाळी टाकायचे, २५ खाने, त्यातल्या ५ खान्यांत मजकूर चालेल. इवलासा लोगो चार खान्यांच्या चौकात आला की चार खाने गेले, १६ टक्के, आणि तोच लोगो बोटभर सरकवून एका खान्यात बसवला की ४ टक्के. आम्ही दिवस दिवस लोगो सरकवत बसायचो. तो नियम २०२० मध्ये गेला. पिक्सेल म्हणजे पण जाळीच की, फक्त खाने बारीक.

आता दिवा. चाळीच्या जिन्यात मी एक बल्ब काढलाय आणि त्याच्याभोवती पिवळट उजेडाचं वर्तुळ, ६०० पिक्सेल व्यासाचं, अगदी फिकं, अल्फा १२. शून्याहून जास्त ते माझं असं धरलं तर हा एक उजेड स्क्रीनचे १३.६ टक्के खातो! बेरजेने मोजलं तर ०.६४ टक्के. इथे मी ठाम आहे, बेरीजच बरोबर. माझा उजेड पॅकच्या बिल्डिंगेवर पडला म्हणून बिल्डिंग माझी होत नाही.

तर सगळ्या स्प्राइटची अल्फाने बेरीज करून, स्क्रीनवर ज्या आकारात येतात त्या आकारात मोजून, उत्तर आलं ५८ टक्के. मला बरं वाटलं, मित्राला कळवलं, फॉर्ममध्ये टाइपही केलं. आणि मग गेम उघडून बघितला तर पोरं कठड्याच्या मागे उभी. आजी अर्धी साडीच्या मागे, दोरीवर वाळत घातलेल्या साडीच्या, जी पण मीच काढलीय. म्हणजे तोच पिक्सेल मी तीन तीनदा मोजत होते, आणि वर पॅकची बटणं माझ्या चाळीवर बसलेली ती वेगळीच. हा बाबांचा तिसरा आकडा, रस्त्यावरच्या माणसाला दिसतं तो.

बाबा म्हणाले, मागचं रंगवलंस कशाला मग? आम्ही तर अक्षरांच्या मागे जाणारा भाग रंगवायचोच नाही, रंग फुकट कोण घालवणार. मी म्हटलं बाबा, माझी आजी चालते. साडी वाऱ्यावर हलते. आत्ता झाकलेलं पुढच्या सेकंदाला दिसतं. त्यावर ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले.

दिसतं तेवढंच मोजायची युक्ती मित्राने काढली आणि मला ती अजूनही फार सुंदर वाटते. गेम आहे तसाच चालवायचा, फक्त माझं प्रत्येक स्प्राइट सपाट पांढरं रंगवायचं आणि पॅकचं प्रत्येक सपाट काळं, ज्याचा त्याचा अल्फा तसाच ठेवून, मागचं-पुढचं तसंच ठेवून. ब्लूम (उजळ भागाभोवतीची चमक), सावल्या, रंगांचे फिल्टर सगळे बंद. मग एक फ्रेम सेव्ह करायची, पीएनजीच, जेपीजी नाही कारण जेपीजी ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत दाबतं आणि काळ्यापांढऱ्याच्या कडेला राख सांडल्यासारखं करून ठेवतं. आता त्या चित्राची सरासरी काढली की संपलं. पांढरं म्हणजे माझं, काळं म्हणजे त्यांचं, आणि जिथे माझी अर्धपारदर्शक साडी त्यांच्या आकाशावर आहे तिथे आपोआप करडं येतं, ज्याचा जेवढा वाटा तेवढं. माझं माझ्यावर आलं तर पांढऱ्यावर पांढरं, दोनदा मोजलं जायचा प्रश्नच नाही. पायथनमध्ये पिलो आणि नमपाय या तयार लायब्ररी वापरून हे चार ओळींचं काम आहे, आणि कोड नको असेल तर गिम्प हे चित्रांचं सॉफ्टवेअर उघडून हिस्टोग्राममध्ये, म्हणजे पिक्सेलच्या उजळपणाच्या आलेखात, सरासरी वाचली तरी तेच.

पहिलं उत्तर आलं ३६ टक्के आणि मला ते जास्त वाटलं. का वाटलं सांगता येत नाही. म्हणून पुन्हा चाचणीचा पतंग टाकला, ३२ बाय ३२, एकटाच, ५० यायला हवेत. आले ५१.५.

दीड टक्का म्हणजे काय एवढं, असं मित्र म्हणाला, रात्रीचा दीड वाजला होता. पण ज्याचं उत्तर बरोब्बर ५० आहे त्याला ५१.५ येत असेल तर कुठेतरी काहीतरी नक्की चुकतंय. एकेक पिक्सेल बघितला तर कडेचे अर्धे पिक्सेल १२८ च्या जागी १८८ होते. मग डोक्यात प्रकाश पडला. आमचा प्रोजेक्ट लिनिअर कलर स्पेसमध्ये आहे, म्हणजे गेम चालवणारं इंजिन रंगांचं मिश्रण खऱ्या उजेडाच्या हिशोबाने करतं आणि शेवटी ते आकडे एसआरजीबी या स्क्रीनच्या रंगपद्धतीत बदलतं, आणि त्या बदलात अर्धा उजेड १८८ होतो. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं तसंच राहतं म्हणून चूक दिसत नाही, मधलं सगळं फुगतं. आणि सगळ्यात जास्त फुगतं ते फिकं. माझ्या दिव्याचा १२ चा उजेड तिथे ६१ झाला होता, म्हणजे ०.६४ टक्क्यांच्या जागी तो एकटा ३ टक्क्यांच्या वर जात होता. प्रत्येक पिक्सेलचा हा बदल उलटा फिरवून पुन्हा सरासरी काढली, पतंग आला ५०, आणि आमचा सीन आला ३१.२.

३४०, ५८, ३६, ३१.२. खाली येत गेलेला प्रत्येक आकडा मला लागला, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं रात्री जागून काढलेली चित्रं आहेत ती.

मग मित्राने आपल्या फोनवर गेम लावला आणि तिथे २५ टक्के. माझी फाइल १६:९ ची, त्याचा फोन २०:९ चा, म्हणजे १९२० च्या जागी २४०० पिक्सेल रुंद, आणि दोन्ही बाजूंना जी जास्तीची पट्टी दिसते तिच्यात नुसतं पॅकचं आकाश आणि पॅकच्या बिल्डिंगा. माझा एक पिक्सेल हलला नाही, छेद मोठा झाला. त्यामुळे आता आम्ही एक फ्रेम मोजायची सोडली. दहा मिनिटं खेळायचं, दर तीन सेकंदाला एक काळीपांढरी फ्रेम, २०० फ्रेम, दोन्ही आकारांत. १६:९ ला सरासरी ३४, सगळ्यात कमी २१ (पतंग उंच गेला की कॅमेरा वर जातो, नुसतं आकाश), सगळ्यात जास्त ५२ (पतंग कापला जातो आणि सगळी गच्ची ओरडते तेव्हा). २०:९ ला सरासरी २७.

राहिला फळीचा आकडा, पहिला, जो मी चुकीचा म्हणून फेकून दिला होता. तो चुकीचा नव्हताच, तो सुताराचा होता. फोनची मेमरी चौकटीचे पैसे घेते. २०४८ बाय २०४८ चं टेक्स्चर, म्हणजे मेमरीत ठेवलेलं चित्र, पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे १६ एमबी, मग त्यात चाळ भरलेली असो की एका कोपऱ्यात एक पतंग. एएसटीसी या पद्धतीने दाबलं तरी पिक्सेलच्या प्रत्येक ठोकळ्याला १६ बाइट ठरलेले, आजीचं नाक असो की रिकामी हवा. आणि माझे पतंग चौकटीचा निम्मा भागच वापरतात, शेपटीवाले तर त्याहून कमी, म्हणजे निम्म्याहून जास्त फळी मी वाया घालवत होते. युनिटी या गेम इंजिनमध्ये स्प्राइटला फुल रेक्टच्या (पूर्ण चौकटीच्या) जागी टाइट मेश लावता येतो, मग चित्राच्या आकाराभोवतीच जाळं बसतं, आणि अॅटलासमध्ये, म्हणजे अनेक स्प्राइट एकत्र भरलेल्या मोठ्या चित्रात, टाइट पॅकिंग चालू केलं की एकाच्या रिकाम्या कोपऱ्यात दुसरा बसतो.

हे बाबांना दाखवलं तर म्हणाले, यात काय नवीन, हिरोच्या वर केलेल्या हाताखालच्या कोपऱ्यातून आम्ही नावाची अक्षरं काढायचो. आणि आलेखाची वही मागून घेतली.

फॉर्ममध्ये मी शेवटी लिहिलं, "दिसणाऱ्या भागाच्या हिशोबाने सरासरी ३४ टक्के, १६:९ स्क्रीनवर, २०० फ्रेमवरून, लांबट फोनवर २७." रकाना लहान होता, पण मावलं. आता लांबच्या बिल्डिंगा काढायला घेतल्यात, उजवीकडच्या पट्टीपासून. आणि टेबलावर बाबांची वही उघडी आहे, त्यांनी पेन्सिलने माझे अकरा पतंग एका चौकोनात असे बसवलेत की अॅटलासने आपणहून बसवले होते त्यापेक्षा दोन जास्त मावतात, आणि एका पतंगाची शेपटी आजीच्या कोपराखालून नेलीय.